तक्त्यात मांजराला रकाना नव्हता

रमण, मी आठ टक्क्यांना बारानं दोनदा भागलं.

एकदाच भागायचं होतं. वर्षाचं व्याज महिन्याचं करायचं तर बारानं एकदा भागतात, हे आपण दोघांनी सातवीच्या वर्गाला इतकी वर्षं शिकवलं. मी ते आदल्या संध्याकाळी एका सेलमध्ये भागून ठेवलं, जेवलो, झोपलो, आणि सकाळी ताज्या डोक्यानं सूत्र लिहायला बसलो तेव्हा पुन्हा भागलं. "दिग्या, तुझं डोकं शिळं असतं तेव्हाच बरं चालतं," असं तू मागे कधीतरी म्हणाला होतास. तू असताना ही चूक सापडली असती तर तू पोट धरून हसला असतास आणि पुढची पाच वर्षं मला हेच ऐकवत राहिला असतास. सापडली ती तू गेल्यावर नवव्या दिवशी. हसायला कुणी नव्हतं. मी एकट्यानं हसून पाहिलं, सुधा आतून बाहेर आली आणि माझ्या कपाळाला हात लावून ताप बघून गेली.

तू गेलास हे मला अजून नीट समजलेलं नाही, हेही आधीच सांगून टाकतो. समजल्यासारखं मी वागतो. लोक भेटायला येतात, मान हलवतात, मीही हलवतो. पण सकाळी साडेनऊला आशागडच्या नाक्यावर रिक्षातून उतरलो की पाय आपोआप तिथे थांबतात जिथे तू मोटारसायकल लावून उभा असायचास. तू मे महिन्यात निवृत्त झालास, तेव्हापासून मी एसटीनंच तलासरीला जातो. म्हणजे सात महिने तू तिथे नव्हतासच. तेव्हा पाय थांबत नव्हते. आता थांबतात. आहे काही हिशोब याला?

त्या गुरुवारी दुपारी नीताचा फोन आला तेव्हा मी शाळेत पोषण आहाराचा तक्ता भरत होतो. तुझी लेक म्हणाली, "काका, बाबा गेले." मी म्हटलं, "त्याला फोन दे."

ती रडायची थांबली. खरंच थांबली. मग तिनं कुणाच्या तरी हातात फोन दिला आणि त्या माणसाला, कोण होता कोण जाणे, मी सांगितलं की रमणला म्हणावं मी पाच वाजेपर्यंत येतोच आहे, तोवर त्यानं कुठे जाऊ नये. त्या माणसानं "बरं" म्हटलं. इतका शांतपणे "बरं" म्हटलं की मी तक्त्यातली उरलेली ओळसुद्धा भरली. मग एकदम कुणीतरी पाठीत धपाटा घातल्यासारखा उठलो आणि कुणाच्या गाडीवर बसलो ते आठवत नाही. लॅपटॉपची पिशवी मात्र मी सवयीनं गळ्यात अडकवली. ती उतरवायचं पुढे सुचलंच नाही. तुला उचलताना उजव्या खांद्यावर तू होतास आणि डाव्या खांद्यावर लॅपटॉप. एका पाहुण्यानं तो काढून घ्यायचा प्रयत्न केला तर मी त्याच्याकडे असं बघितलं म्हणे, की त्यानं पुन्हा हात लावला नाही. स्मशानात आठ-दहा जण माझ्याकडे बघून कुजबुजत होते. त्यांना वाटलं असेल, मास्तर चितेचाही तक्ता भरणार.

नंतर कळलं, तू दीड वाजता जेवायला बसला होतास. बोंबलाचा रस्सा होता. दुसरी भाकरी मागितलीस. वहिनींनी ती तव्यावरून काढली, वळल्या, आणि तू नव्हतास. एक भाकरी काढायला लागते तेवढा वेळ, रमण. आणि मी तुझे महिने मोजून दिले होते. एकशेऐंशी.

आता मला ते सगळं पहिल्यापासून सांगू दे. तुला माहीत आहे, पण पहिल्या वेळी मी घाईत होतो आणि चुकीचं सांगितलं होतं. हा माझा दुसरा प्रयत्न समज.

एक जूनला जन्मलेल्या निम्म्या महाराष्ट्राबरोबर तू एकतीस मेला निवृत्त झालास. पेन्शन सुरू झाली आणि तुझ्या डोक्यात ती विकायचं आलं. आपल्यात त्याला "विकणं" म्हणतात, सरकारी कागदावर त्याचं नाव इतकं लांब आहे की वाचेपर्यंत माणूस विचार बदलतो. तर, पेन्शनीचा एक तुकडा सरकारला द्यायचा, सरकार त्याचे एकरकमी पैसे आज देतं, आणि पंधरा वर्षांनी तो तुकडा परत तुझ्या पेन्शनीत येऊन मिळतो. मधेच माणूस गेला तर सरकार काही मागायला येत नाही. तुला महिना दहा हजारांचा तुकडा विकायचा होता. त्याचे दहा लाख चार हजार आणि वर काही शे येणार होते. आणि ते तुला कशासाठी हवे होते तेही मला ठाऊक होतं, कारण मला गाडीवर मागे बसवून तू ती जागा दाखवून आणली होतीस. नरपडला, समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर, भाऊबंदांत वाटण्या होऊन उरलेली चिकूची अकरा झाडं. मालक वापीला नोकरीला, त्याला रोख पैसे हवे होते. तू प्रत्येक झाडाला हात लावत फिरलास, जशी हजेरी घेतोयस. मी म्हटलं, झाडं म्हातारी आहेत. तू म्हणालास, "आपणपण."

तुझं गणित साधं होतं. दुपारी तिथे खाट टाकायची, वारा खायचा, वर चिकू. आयुष्यभर पत्र्याच्या शाळेत घामाघूम झालेल्या माणसाला एवढं मागायला हरकत नव्हती. वहिनींना तर नरपडचा समुद्र म्हणजे माहेर चालत येऊन शेजारी बसल्यासारखं. चिंचणीची बाई, बापाची होडी, लहानपण सगळं मासळी सुकवण्यात गेलेलं. आशागडला येऊन तीस वर्षं झाली तरी वारा कुठून आहे हे त्या अंगणात न जाता सांगतात.

आणि मग तू मला विचारलंस.

का विचारलंस? केंद्रातल्या सगळ्या शाळांचे तक्ते मी भरतो म्हणून? ते संगणकाचं प्रशिक्षण झाल्यापासून माझ्या अंगात स्प्रेडशीटचं वारं शिरलं होतं हे खरं. घरातला गॅस सिलिंडर किती दिवस जातो याचासुद्धा मी आलेख काढला होता आणि सुधानं तो सिलिंडरवरच चिकटवला होता. पण तूच तर पाहिलं होतंस, एकदा मी माउस खाली ओढत गेलो आणि आपल्या पाड्यावरच्या शाळेत चौसष्टचे सहा हजार चारशे विद्यार्थी झाले. तेवढ्यांसाठी मी तांदूळ मागितला. वरून बोलावणं आलं तेव्हा तू, ज्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता, मला मागे बसवून कचेरीत घेऊन गेलास. साहेबांसमोर मी चुकीचाच तक्ता पुन्हा उघडायला लागलो. तू पुढे होऊन म्हणालास, "साहेब, आकडा चुकलाय. माणूस बरोबर आहे." साहेब हसले. मी वाचलो. परत येताना मी तुझे आभार मानले नाहीत, उलट तुला म्हटलं की तू गाडी फार हळू चालवतोस. आज मानतो. उशीर झाला, पण मी पाठवलेली कुठली माहिती वेळेवर गेली आहे आजवर?

तरीही तू मला विचारायचास. आणि नुसतं विचारायचास नाही. चष्मा काढून पुसायचास, परत घालायचास, माझ्याकडे नीट तोंड करून बसायचास आणि मी बोलायचो ते सगळं ऐकून घ्यायचास. शेवटी म्हणायचास, "बरं झालं तुला विचारलं." या एका वाक्यावर मी आठवडाभर तरंगायचो. नंतर घडायचं काही भलतंच. नीताला नर्सिंगला घालू नको म्हणून मी तुला तासभर पटवलं होतं, तू मान हलवलीस, आणि जुलैत पोरगी नर्सिंगला. आज वापीच्या दवाखान्यात तिच्या हाताखाली चार जणी आहेत. जुनी मोटारसायकल फुंकून टाक, महिन्याभरात इंजिन बसेल असं मी म्हटलं. तू ती ठेवलीस, आणि त्याच गाडीवर मी पुढची नऊ वर्षं फुकट बसलो. बदलीच्या वेळी मी तुला कुठल्या शाळेचा अर्ज भरायला सांगितला होता, आठवतं? तू भरला नाहीस. त्या शाळेचा रस्ता पहिल्याच पावसाळ्यात ओढ्यानं नेला. मला वाटायचं, घरी गेल्यावर वहिनी तुझं मन वळवतात. त्या बदलीच्या गोष्टीवरून मी तुझ्याशी दीड महिना बोललो नव्हतो, आणि तरी रोज तुझ्याच गाडीवर मागे बसून जात होतो. तीस किलोमीटर जाताना, तीस येताना, दोघंही गप्प. तू फक्त खड्डा आला की "धर" म्हणायचास. ते भांडण आपण मिटवलंच नाही. ते तसंच विरून गेलं. मला नेहमी वाटायचं एकदा विचारावं, माझं ऐकत का नाहीस? विचारायचं राहिलं.

तर जूनमधल्या त्या संध्याकाळी मी तुझ्या ओट्यावर लॅपटॉप उघडून बसलो. वहिनी समोर सुपात सुके बोंबील निवडत होत्या. मी तुला सांगितलं की पीव्ही नावाचं फंक्शन आहे. पुढे येणारे पैसे आज किती किमतीचे, ते सांगतं. पंधरा वर्षांनी मिळणारे दहा हजार म्हणजे आजचे दहा हजार नव्हेत, कारण आजचे बँकेत ठेवले तर वाढले असते. म्हणून पुढचा प्रत्येक हप्ता थोडा थोडा कापून आजच्या किमतीला आणायचा आणि सगळ्यांची बेरीज करायची. त्याला तीन गोष्टी सांगाव्या लागतात. व्याजाचा दर, किती महिने, आणि महिन्याचा हप्ता. बस्स. आठ टक्क्यांचा दर आणि सूत्र मी घरूनच तयार करून आणलं होतं, त्यात एकशेऐंशी आणि दहा हजार घातले आणि कळ दाबली. उत्तर लाल रंगात, उणे चिन्ह लावून आलं.

तू चष्मा पुसलास. "छत्तीस वर्षं नोकरी केली," म्हणालास, "आणि उत्तर उणे?"

मी समजावलं की उणे म्हणजे वाईट नाही, पैसा कुठल्या दिशेनं जातो एवढंच त्यात असतं. तू म्हणालास की ते सरकारलाही माहीत असेल. मग मी आकडा वाचला. सतरा लाख बारा हजार. तुझ्या तुकड्याची आजची किंमत सतरा लाख आणि सरकार देतंय दहा! मी उठून उभाच राहिलो. माझा आवाज ऐकून शेजारचा माणूस कुंपणाशी आला. सात लाखांना फसवतायत तुला, असं मी त्याच्याही देखत म्हणालो. सरकारनं कुणालाही फसवलं नव्हतं. फसवणारा तुझ्या ओट्यावर उभा राहून तुझाच चहा पीत होता.

तेव्हा वहिनी सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "म्हणजे ओले बोंबील आज विकायचे, का सुकवून महिन्यानं विकायचे, तेच ना हे?"

अगदी तेच, मी म्हटलं. मला इतका आनंद झाला की प्रशिक्षणात हे उदाहरण का नव्हतं असं वाटलं.

"मग यात मांजर कुठे धरलंय?"

"मांजर?"

"सुकायला दोरीवर घातले की थोडे मांजर नेतं, थोडे कावळा. आभाळ आलं तर सगळेच जातात. माझा बाप सुक्याचा भाव दुप्पट असला तरी निम्मे ओलेच विकून मोकळा व्हायचा. मांजर धरूनच तो हिशोब करायचा."

मी हसलो. विद्वानासारखा हसलो, ते हसणं मला आता आठवतं आणि अंगावर काटा येतो. म्हटलं, "वहिनी, इथे तीनच रकाने आहेत. मांजराला रकाना नाही."

तू इतका हसलास की बशीतला चहा सांडला. मग हसू ओसरल्यावर, बशी खाली ठेवता ठेवता, सहज म्हणालास, "आणि मी मधेच गेलो, तर ते कुठल्या रकान्यात घालायचं?"

मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल. मला तर शब्दन् शब्द आठवतो. मी म्हटलं, "एकशेऐंशी महिने तू मरत नाहीस. मी शीटमध्ये लिहून दिलंय."

तू चष्मा नीट केलास. "बरं झालं तुला विचारलं," म्हणालास.

त्यानंतर तू पेन्शनीचा विषय काढला नाहीस. मीही काढला नाही. मला वाटलं, पहिल्यांदा, तीस वर्षांत पहिल्यांदा, रमणनं माझं ऐकलं. त्याचा मला किती अभिमान वाटला हे सांगायलाही आता लाज वाटते. चार ठिकाणी सांगितलं मी, की रमणला पेन्शन विकू दिली नाही. लोक माझ्याकडे बघून काहीतरी विचित्र गप्प बसायचे. मला वाटायचं, भारावून गेलेत.

शेवटचा भेटलास तो डिसेंबर अखेरच्या रविवारी, डहाणूच्या बाजारात. मी हातगाडीवर चिकू चाचपत होतो, दोन किलो तोलायला सांगितले होते. तू मागून आलास, माझ्या हातातला चिकू काढून गाडीवर ठेवलास आणि म्हणालास, "यंदा चिकू विकत घेऊ नकोस."

मी विचारलं का, भाव पडणार आहे का? तू म्हणालास, "नको म्हटलं ना." आणि मला ओढत चहाला नेलंस. माझी साखर वाढलीय असं सुधानं तुझ्या कानावर घातलं असणार, असं मी धरून चाललो. घरी जाऊन तिच्याशी भांडलोसुद्धा. ते तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं. चिकू घेऊ नकोस.

नवव्या दिवशी मी ती शीट उघडली. का उघडली ते सांगता येणार नाही. तुझं नाव होतं फाइलला, म्हणून असेल. महिन्यांच्या रकान्यात एकशेऐंशी होते. मी ते खोडले आणि सात घातले. जून ते डिसेंबर, तू घेतलेल्या पेन्शनी सात. मला बघायचं होतं यंत्र काय म्हणतं. सात महिने दहा हजार म्हणजे सरळ सत्तर हजार, त्यातून व्याजाची कापणी. उत्तर आलं, एकोणसत्तर हजार आठशे पंचेचाळीस.

म्हणजे कापणी फक्त दीडशे रुपये. मी बघत राहिलो. आठ टक्क्यांनी सत्तर हजारांवर सरासरी चार महिन्यांचं व्याज अठराशेच्या वर जायला हवं, हे पाटीवरसुद्धा निघतं. मी दराच्या सेलवर गेलो. तिथे आधीच बारानं भागलेलं. सूत्रात गेलो. तिथे पुन्हा बारानं. एक बारा काढला. महिने पुन्हा एकशेऐंशी केले.

दहा लाख सेहेचाळीस हजार.

सतरा नव्हे, दहा. सरकार देत होतं त्याच्यापेक्षा जेमतेम चाळीस-बेचाळीस हजार जास्त, आणि तेही पंधरा वर्षं शाबूत राहिलास तर. एवढ्यासाठी कुठला शहाणा माणूस थांबला असता? हा आकडा मी त्या संध्याकाळी वाचला असता तर तू दुसऱ्या दिवशी अर्ज दिला असतास. आता विकायला पेन्शनच नाही. वहिनींना त्यांची फॅमिली पेन्शन मिळेल, पण ते दहा लाख गेले, अकरा झाडं गेली, खाट गेली, वारा गेला. आभाळ आलं आणि दोरीवरचं सगळं गेलं. मी लॅपटॉप मिटला. परत उघडला. आकडा तोच होता. त्या दिवशी मी बारा वेळा तरी तो उघडून पाहिला असेल. एवढी मोठी गोष्ट एका भागाकारानं होते यावर माझा विश्वास बसत नव्हता. तू मेल्यावरही इतका हादरलो नव्हतो, कारण ते मला समजलंच नव्हतं. हे समजलं.

सुधाला सांगितलं. तिनं लॅपटॉप माझ्या हातातून काढून मिटला. मग म्हणाली, वहिनींना तुम्ही स्वतः जाऊन सांगा, दुसऱ्याकडून कळायला नको.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेलो. ओट्यावर बसलो. तुझं हेल्मेट खुंटीला होतं, त्याच्यात कुणीतरी कांदे ठेवले होते. तोंड उघडणार एवढ्यात वहिनी पदर खोचून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, भाऊजी, गाडी काढा, नरपडला जायचंय. तुझी गाडी, रमण. किल्ली माझ्या हातात दिली. मी आयुष्यभर जिच्या मागे बसलो ती गाडी पहिल्यांदा चालवली, आणि वहिनी मागे. पहिल्या खड्ड्याला माझ्याच तोंडून "धर" निघालं.

नरपडला समुद्राकडची वाट लागली. कुठे चाललोय हे मला उमगलं. मला वाटलं, यांना सगळं माहीत आहे. काय घालवलंस ते डोळ्यांनी बघ, असं म्हणायला मला त्या जागेवर नेतायत. आणि मला तो न्यायच वाटला. कुंपणाशी थांबलो. वहिनींनी कंबरेची किल्ली काढून झाप्याच्या फाटकाचं कुलूप उघडलं. मालकाकडून मागून आणली असेल, मी मनात म्हटलं. आत झाडं तशीच होती, फक्त खाली झाडून लख्ख केलेलं. एका झाडाखाली खाट होती. फळ भरपूर होतं. वहिनींनी एक खालचा चिकू तोडला, त्यावरची भुकटी अंगठ्यानं पुसली आणि नखानं साल खरवडून बघू लागल्या, आत हिरवं आहे का तोडणीजोगं पिवळं.

मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. "वहिनी, मी आठ टक्क्यांना दोनदा भागलं."

"म्हणजे?"

म्हणजे सगळं, मी सांगत गेलो. सतरा लाखांचं खोटं, दहा लाखांचं खरं, मांजराला हसलो ते, एकशेऐंशी महिने ते. सरकारचा भाव बरोबर होता. मी तोंड मिटून बसलो असतो तर रमणनं अर्ज दिला असता, पैसे आले असते, ही वाडी आज तुमची असती.  माफी मागायची होती, पण तो शब्द येईना.

वहिनी चिकू खरवडत होत्या. म्हणाल्या, "वाडी आमचीच आहे."

मी खाटेवर बसलो. खाली खाट होती हे बसल्यावर कळलं.

त्या सांगत होत्या आणि मला अर्धंच ऐकू येत होतं. त्या संध्याकाळी मी गेल्यावर तू ओट्यावर थोडा वेळ बसलास. म्हणालास, मांजराचं खरं आहे. मग म्हणालास, दिग्या नको म्हणतोय, उद्याच अर्ज देतो. दुसऱ्या दिवशी सकाळी शिक्का मारून पोच घेऊन घरी आलास. दिवाळीच्या सुमारास पैसे आले, त्यात साठवलेले थोडे घालून सौदा झाला. दोन महिने तू रोज दुपारी इथे येऊन या खाटेवर पडत होतास. नीताला, शेजाऱ्याला, सगळ्यांना ताकीद होती की दिग्याला सांगायचं नाही. त्याचा आकडा बघून तो किती खूश होता, त्याचं मन मोडायला नको. पहिल्या तोडीचा करंडा तू स्वतः माझ्या दारात आणून ठेवणार होतास, आणि मग सांगणार होतास.

दोन महिने, रमण. दोन महिने तू इथे वारा खाल्लास. सात नव्हे, एकशेऐंशी नव्हे, दोन. कुठल्या दरानं कापू मी ते? मला रडू यायला लागलं आणि हसूही, आणि नेमकं कुठलं आवरायचं ते कळेना. वहिनींनी तो चिकू माझ्या हातात दिला. पिवळा निघाला होता.

मी डोळे पुसले. तीस वर्षं विचारायचं राहिलेलं शेवटी त्यांना विचारलं. "पण वहिनी, मी तर नको म्हणालो होतो. मग त्यानं घेतली कशी?"

वहिनींनी दुसरा चिकू तोडला, अंगठ्यानं पुसला.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तीस वर्षं हे तुम्हाला विचारायचे आणि बरोबर उलटं करायचे, म्हणून तर आमचं बरं चाललं. तुम्ही एकदा जरी बरोबर निघाला असतात, तर आम्ही बुडालो असतो."